रंगाच्या बाई

राज्याच्या कीडनाशक नोंदणी कार्यालयात दर वर्षी नियम बदलायचे. एका वर्षी अर्जाच्या दोन प्रती लागत, पुढच्या वर्षी तीन, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा दोनच, पण दुसरी गुलाबी कागदावर. बाटलीवरच्या इशाऱ्याची अक्षरं एकदा थोडी मोठी होत, एकदा ठळक होत, एकदा चौकटीत जात. नवं वर्ष लागायच्या आधी ‘वार्षिक बदल’ नावाची पातळ पुस्तिका छापून यायची आणि ती आली की तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपुढे कंपन्यांच्या माणसांची रांग पार जिन्यात उतरायची. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न: “बाई, यंदा काय नवीन?”

त्या बाई म्हणजे खिडकीमागे बसणाऱ्या नोंदणी सहायक. रसायनशास्त्र शिकलेल्या, लग्नाआधीपासून याच खुर्चीत. काचेला अर्धचंद्रासारखं भोक होतं, त्यातून लेबलांचे नमुने आत यायचे. बाई त्यांवर पारदर्शक पट्टी ठेवून अक्षरांची उंची मोजायच्या, कवटीचं चित्र ठरल्या जागी आहे का पाहायच्या, पुस्तिकेतल्या नव्या कलमाशी ताडून बघायच्या आणि शिक्का मारायच्या. अक्षर केसभर लहान निघालं तर अर्ज परत. त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो घरी आलेल्यांना सांगायचा, “हिच्या ऑफिसची लेबलं आहेत म्हणून माझं दुकान चालतंय. एखादं वाचायला गेलं की माणूस थेट माझ्याकडेच येतो.” बाई दर वेळी हसायच्या. त्या काळी त्या सहज हसायच्या.

एका दुपारी, रांग संपल्यावर, एक बाई खिडकीशी आली. हातात पिशवी. कुठल्या कंपनीची दिसत नव्हती. तिनं पिशवीतून थंड पेयाची रिकामी बाटली काढून काचेपुढच्या फळीवर ठेवली.

“चौकशी कुठं करायची?” तिनं विचारलं.

“कसली?”

“माझा नवरा बागेत माळी होता. तण मारायचं औषध दुकानदारानं यात सुट्टं घालून दिलं होतं. खोलीत फळीवर ठेवलेलं. उन्हातून आला आणि पाणी समजून प्यायला. दोनच घोट. लगेच थुंकला म्हणे. तरी गेला.”

बाईंनी बाटली उचलून पाहिली. तळाशी थेंबभर उरलं होतं, अगदी नितळ.

“दुकानदारानं सुट्टं विकायचंच नसतं,” बाई म्हणाल्या. “नियम आहे तसा. मूळ डब्यावर इशारा असतो…”

“मूळ डबा आम्ही कधी बघितलाच नाही,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “मला एवढंच विचारायचं होतं. हे पाण्यासारखं दिसलंच पाहिजे का?”

इतकी वर्षं बाई डब्यांवरची अक्षरं मोजत होत्या. डब्यातलं औषध दिसतं कसं, हा रकाना अर्जात नव्हताच. “बघते मी,” एवढंच त्या म्हणाल्या. बाटली पिशवीत घालून ती निघून गेली. दुकानदाराची तक्रार पोलिसांत झाली होती, ती पुढे विरून गेली, असं बाईंना नंतर कळलं. ती बाई मात्र पुन्हा कधी आली नाही.

घरी जेवताना बाईंनी हे सांगितलं. त्यांची नणंद त्यांच्याकडेच राहायची. लग्न केलं नव्हतं, सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिनं घास खाली ठेवला.

“वहिनी, या औषधाची माणसं आमच्याकडे येतात,” ती म्हणाली. “लगेच काही होत नाही. तोंडात आग, थोड्या उलट्या, की वाटतं बरा झाला. बोलतो, चहा मागतो, घरी कधी सोडणार विचारतो. मग फुप्फुसं आवळायला लागतात. त्यावर औषध नाही.”

“रंग असता तर?”

“रंग असता तर तोंडाला लावलं असतं का कुणी?”

कार्यालयाची रीत अशी होती की पुढच्या वर्षीच्या बदलांसाठी कर्मचाऱ्यांकडूनही प्रस्ताव मागवत. कोणी देत नसे. सगळ्यांचं अळीमिळी गुपचिळी. त्या वर्षी बाईंनी दिला. अर्ध्या पानाचा: रंगहीन द्रवरूप तणनाशकांत कारखान्यातच निळा रंग मिसळावा आणि त्याशिवाय नोंदणी देऊ नये.

तेव्हाच्या साहेबांनी तो वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला. “चांगलं आहे. पण आपलं काम लेबलाचं आहे हो. डब्याबाहेरचं.”

“बियाण्याला औषध लावतात तेव्हा त्याला रंग देतातच ना साहेब? कुणी चुकून खाऊ नये म्हणून?”

“तो बियाणे विभाग,” साहेब म्हणाले. “वरचा मजला.”

तरी प्रस्ताव बदल ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीत गेला. बैठकीला कारखानदारांच्या संघटनेचे प्रतिनिधी यायचे. गोरेपान, मृदू बोलणारे गृहस्थ. कार्यालयात सगळे त्यांना गोडबोले म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे, हे नव्या माणसाला सांगावं लागे. दर वर्षी सगळ्यांसाठी डायऱ्या आणायचे, शिपायाच्या मुलीचं लग्न ठरलं का तेही विचारायचे. ते म्हणाले, “बाईंच्या भावनेशी आम्ही पूर्ण सहमत आहोत. तत्त्वतः आमचा पाठिंबाच आहे. फक्त रंगाचे डाग पानांवर पडतील का, याचा अभ्यास व्हावा.” झालं. अभ्यास व्हावा असं लिहिलं गेलं. कोणी करावा, हे लिहिलं गेलं नाही.

तेव्हा बाईंनी तो घरीच केला. दुकानातून कपड्यांचा, खाण्याचा, शाईचा असे निळे रंग आणले. औषध घरात आणायचं नव्हतं, म्हणून पाण्यात साबण कालवून त्यात ते मिसळले आणि गच्चीतल्या कुंड्यांवर फवारले. नवरा मापं धरायला मदतीला. एका रविवारी त्याचे दोन्ही हात मनगटापर्यंत निळे झाले आणि घासून घासून रंग निघेना. सोमवारी दुकानात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं विचारलं, “काय हो, तब्येत बरी आहे ना?” तो घरी येऊन सांगत होता आणि तिघंही पोट धरून हसत होती. पानांवरचे डाग मात्र दोनदा पाणी पडल्यावर गेले. बाईंनी फोटो काढून प्रस्तावाला जोडले.

पुढच्या बैठकीत गोडबोल्यांनी फोटो कौतुकानं पाहिले, शेजारच्याला दाखवले. “फार मेहनत घेतलीत. पण हे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून यायला हवं.” त्याच वर्षी ‘वार्षिक बदलां’त एक नवं कलम आलं होतं: अभ्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचेच ग्राह्य धरले जातील. पुस्तिकेचा मसुदा बाईंनीच टंकला होता. ते कलम आपल्यालाच आडवं येईल हे टंकताना त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तेव्हापासून त्यांना रंगाच्या बाई हे नाव पडलं. आधी मागून म्हणत, मग तोंडावर. त्यात द्वेष नव्हता. दर वर्षी त्यांचा प्रस्ताव जायचा, दर वर्षी काहीतरी निघायचं. एकदा गणपूर्ती झाली नाही. एकदा सरकार बदललं आणि समितीच बरखास्त झाली. एकदा सगळी कामं संगणकावर गेली. नव्या पद्धतीत प्रस्तावाचा प्रकार निवडायला यादी होती, ‘लेबल’, ‘आवेष्टन’, ‘प्रती’, ‘इतर’. बाईंनी ‘इतर’ निवडलं. ‘इतर’ कुणाकडेच जात नसे, हे त्यांना वर्ष उलटून गेल्यावर कळलं. भिजत घोंगडं ते भिजतच राहिलं, आणि या सगळ्या वर्षांत पुस्तिका मात्र न चुकता निघत राहिली, अक्षरं मोठी-लहान होत राहिली.

मधे एक साहेब असे आले की बाईंना वाटलं, आता होणार. तरुण होते, कमी बोलायचे. त्यांनी मागचे सगळे प्रस्ताव मागवून घेतले आणि दोन दिवसांनी बाईंना बोलावलं. “बसा,” म्हणाले. इतक्या वर्षांत कुठल्या साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं नव्हतं. “हे आधीच व्हायला हवं होतं. मी प्रयोगशाळेला लिहितो.” त्यांनी खरंच लिहिलं. प्रयोगशाळेनं काम घेतलं. त्या काळात बाई सकाळी भराभर आवरून निघायच्या, आणि नणंद भावाला म्हणायची, “दादा, वहिनी ऑफिसला जाते की माहेराला?” अहवाल आला तो अनुकूल: डाग टिकत नाहीत, औषधाचा गुण कमी होत नाही. पण तोवर साहेबांची बदली दूरच्या जिल्ह्यात झाली होती. कुणी मुद्दाम केली असं नव्हे. त्यांची मुदत भरली होती. जाताना ते बाईंना म्हणाले, “अहवाल आहे आता. कुणी नाही म्हणू शकणार नाही.”

नाही कुणीच म्हणालं नाही. नवे साहेब म्हणाले, “अहवाल उत्तम आहे. आता हरकती मागवू.” हरकतींना मुदत दिली, मग ती वाढवली.

त्याच सुमारास एका संध्याकाळी नणंदेचा दवाखान्यातून फोन आला. “वहिनी, मोकळी असलीस तर ये. एक जण आहे. त्याला भेटायला कोणीच नाही.”

दवाखान्यातल्या लांबट खोलीत खिडकीशेजारच्या खाटेवर एक बसचालक होता. चाळिशीचा, भरदार, मिशा नीट कापलेल्या. डेपोमागच्या मोकळ्या जागेतलं तण मारायला कुणीतरी आणलेलं औषध पाण्याच्या बाटलीत भरून चालकांच्या खोलीत ठेवलं होतं. त्याची बायको बाळंतपणाला आईकडे गेली होती. तिला अजून कळवलं नव्हतं. त्याच्या ओठांना फोड होते, बाकी माणूस धडधाकट.

“तुम्ही सिस्टरच्या वहिनी?” तो उशीला टेकत म्हणाला. “बसा. मला काही झालेलं नाही हो, उगाच अडकवून ठेवलंय. घसा तेवढा जळतो. तुम्ही काय करता?”

“ऑफिसात असते,” बाई म्हणाल्या.

“कुठल्या?”

“सरकारी.”

“मग बरंय. वेळेवर घरी.” तो हसला आणि ओठ दुखला म्हणून थांबला. मग मार्गांबद्दल बोलत राहिला. कुठल्या थांब्यावर कोण म्हातारी रोज चढते, ती सुटे आणत नाही, आणि तरी तिच्यासाठी अर्धा मिनिट जास्त थांबावंच लागतं. मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं तेही त्यानं ठरवलेलं होतं. बोलता बोलता मधेच त्याला श्वास घ्यावा लागत होता. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. खाटेपलीकडे उभ्या नणंदेच्या लक्षात आलं होतं, बाईंच्याही आलं.

निघताना तो म्हणाला, “पुन्हा आलात तर वर्तमानपत्र आणा एखादं.”

बाई दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र घेऊन गेल्या. तेव्हा त्याच्या तोंडात नळी होती आणि बायको पोहोचली होती, पोट धरून भिंतीशी बसलेली. बाईंनी वर्तमानपत्र पायथ्याशी ठेवलं आणि त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या नाहीत. जायची गरजही उरली नाही.

त्या वर्षीच्या बैठकीआधी नव्या साहेबांनी बाईंना बोलावलं. गोडबोले तिथे बसलेच होते, चहा घेत.

“बाई, तुमचं काम होतंय,” साहेब म्हणाले. “संघटनेची हरकत नाही. फक्त एक छोटी दुरुस्ती. जुन्या नोंदण्यांना लगेच लावलं तर बाजारात गोंधळ होईल. म्हणून नियम नव्या नोंदण्यांपुरता.”

“आणि जुन्यांचं?”

“टप्प्याटप्प्यानं,” गोडबोले म्हणाले. “एकदा नियम पुस्तकात आला की मग पुढे सरकतोच. तुमच्याइतकी वाट बघणारा माणूस मी पाहिला नाही. आता ताणून धरलंत तर पुन्हा पहिल्यापासून.”

बाईंच्या डोळ्यांपुढे त्या क्षणी काय होतं हे त्यांनी नंतर नवऱ्याला सांगितलं: त्या बसचालकाच्या मिशा नीट कापलेल्या होत्या, एवढंच. आणखी एक वर्ष जाऊ द्यायची ताकद त्यांच्यात नव्हती. अजिबात नसण्यापेक्षा थोडं बरं, असा त्यांनी विचार केला. “चालेल,” त्या म्हणाल्या. दुरुस्तीचं वाक्यही त्यांनीच लिहून दिलं. मसुदे त्याच लिहायच्या.

नियम झाला. पुस्तिकेत मधल्या पानावर चार ओळी आल्या. कार्यालयात टाळ्या वाजल्या, शिपायानं चहा सांगितला, लांबच्या जिल्ह्यातल्या तरुण साहेबांचा फोन आला. नवऱ्यानं ती पुस्तिका दुकानात काउंटरवर ठेवली आणि कुणी विचारो न विचारो, मधलं पान उघडून दाखवत राहिला. तो म्हणे, “इतकं बारीक छापलंय, पण आमच्या हिचं आहे.”

बाई रंग असलेल्या पहिल्या अर्जाची वाट पाहू लागल्या. रांग लागत होती, लेबलं येत होती, पण सगळे अर्ज नूतनीकरणाचे. नूतनीकरण म्हणजे जुनीच नोंदणी पुढे चालू. तिला नियम लागू नव्हता. काही महिन्यांनी एक नवं नाव दिसलं, नवी बाटली, नवं चित्र. बाईंनी अर्ज उघडला. आतला क्रमांक जुनाच होता. जुन्या नोंदणीला फक्त दुसरं व्यापारी नाव जोडलं होतं. तेही नियमात बसत होतं. त्यावर त्यांनीच शिक्का मारला.

वर्षअखेरीला गोडबोले डायऱ्या घेऊन आले तेव्हा बाईंनी विचारलं, “नवीन नोंदणी कोणीच का करत नाही?”

त्यांनी जरा आश्चर्यानं पाहिलं. “कशाला करतील बाई? तेच औषध, जुनी नोंदणी हातात आहे. नवी केली तर रंग घालावा लागेल.” मग त्यांना बाईंचा चेहरा दिसला असावा. आवाज खाली आणून ते म्हणाले, “मला वाटलं होतं हे तुम्हाला तेव्हाच कळलं आहे.”

बाईंना ते तेव्हा कळलं नव्हतं. कळायला हवं होतं, हे मात्र आता कळत होतं, कारण असल्या फटी दुसऱ्यांच्या अर्जांत शोधण्याचाच त्यांना पगार मिळत होता. त्या घरी जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, “माझ्या हातानं मी तोंडाला पानं पुसून घेतली.”

“अगं, पुढच्या वर्षी दुरुस्ती सुचव,” तो म्हणाला.

त्यांनी सुचवलीही. पण पुढच्या वर्षी वरून निराळाच आदेश आला: नियम फार झाले आहेत, कारभार सोपा करा, ज्या तरतुदीखाली वर्षभरात एकही अर्ज आला नाही ती वगळा. सगळ्या विभागांकडून निरुपयोगी तरतुदी मागवल्या. साहेबांनी बाईंना बोलावलं नाही. मसुदा करायच्या कागदांत एक चिठ्ठी घालून पाठवली. अक्षर संकोचल्यासारखं बारीक होतं. गुलाबी कागदाचं कलम वगळायचं होतं, प्रती जमा करायच्या जुन्या पद्धतीचं वगळायचं होतं आणि रंगाचं वगळायचं होतं.

बाईंनी मसुदा टंकायला घेतला. गुलाबी कागदाचं झालं, प्रतींचं झालं. तिसऱ्या ओळीशी त्या थांबल्या. उठून साहेबांच्या खोलीशी गेल्या. दार उघडंच होतं.

“साहेब, हे कलम वापरात नाही कारण वापरावं लागणार नाही असंच ते लिहिलंय. ते बदललं तर…”

“बाई,” साहेब थकल्या आवाजात म्हणाले, “मला दिसतंय ते. आदेशात अपवाद नाही. मी विचारून पाहिलं.” त्यांनी खरंच विचारलं असेल. माणूस वाईट नव्हता. “तुम्हाला नको असेल तर दुसऱ्या कुणाला सांगतो टंकायला.”

“नको,” बाई म्हणाल्या. “दुसरं कुणी केलं तर क्रमांक चुकतील.”

त्या जागेवर आल्या आणि त्यांनी ती ओळ टंकली. मग सवयीप्रमाणे पुढच्या कलमांचे क्रमांक एकेकानं वर सरकवले, कारण मधलं गेलं की खालची सगळी बदलतात. ते काम फार किचकट होतं आणि संध्याकाळपर्यंत पुरलं.

त्यांनी राजीनामा वगैरे दिला नाही. पुढे नोकरीची बरीच वर्षं उरली होती, ती झाली. रंगाच्या बाई हे नाव हळूहळू गेलं. नव्या लोकांना ते का पडलं होतं हे माहीत नव्हतं, आणि जुन्यांना ते घेताना अवघड वाटायचं. नवऱ्यानं काउंटरवरची पुस्तिका एके दिवशी काढून घेतली. प्रस्ताव मागवायचा महिना यायचा तेव्हा शेजारच्या टेबलावरची नवी सहायक विचारायची, “बाई, तुमचं काही आहे का पाठवायचं?”

“नाही,” बाई म्हणायच्या. “या वर्षी काही नाही.”

घरीही फरक पडला तो एवढाच. नणंद दवाखान्यातून आली की पूर्वी जेवताना सगळं सांगायची. आता ती हात धुऊन ताटावर बसायची, भाजी वाढून घ्यायची आणि दवाखान्यातल्या लिफ्टबद्दल, नव्या डॉक्टरांच्या वेळापत्रकाबद्दल बोलायची. बाई ऐकायच्या. कधी नणंद नुसतीच भाजी चिवडत बसायची, घास घेत नसायची, आणि बाईंना कळायचं की आज कुणीतरी आहे खिडकीशेजारच्या खाटेवर. त्या विचारायच्या नाहीत. पोळी पुढे करायच्या आणि म्हणायच्या, “घ्या वन्सं, गार होतेय.”